यादीत नसलेली मावशी

माझी मावशी पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिच्या नजरेतून वेलांटी सुटायची नाही, तर आम्ही भाचरं कुठून सुटणार! वाढदिवसाला मी पाठवलेलं पत्र तिने लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवलं होतं.

निवृत्तीनंतर ही बाई एकदम धर्माच्या मागे लागली. देवाच्या नव्हे, धर्माच्या. दारू सोडवणाऱ्या बैठका मुळात कुठल्या प्रार्थनेतून निघाल्या, याचा शोध. रोज दहाच्या ठोक्याला ग्रंथालयात हजर, खिडकीजवळच्या टेबलावर, एकटी. ग्रंथपाल तिच्या माघारी तिला ‘संशोधक’ म्हणून हसायचा. मीही हसले. आता त्याची लाज वाटते.

काका, म्हणजे तिचे यजमान, या बैठकांमुळेच सुटले होते. आधी त्यांनी घराची पार रया घालवली, आणि मग अकरा वर्षं थेंबाला शिवले नाहीत. बैठकीच्या नियमाप्रमाणे त्यांनी दुखावलेल्या माणसांची यादी केली आणि एकेकाच्या दारात जाऊन माफी मागितली. साहेब झाले, शेजारी झाले, धाकटा भाऊ झाला. एका न्हाव्याचीही मागितली. त्याला काहीच आठवत नव्हतं, तो बिचारा उगाच ओशाळला. मावशीची तेवढी राहिली. मग काका गेले, आणि यादी काही सापडली नाही.

“मी होते का गं त्या यादीत?” तिने एकदा मला विचारलं.

“असणारच, मावशी.”

“असणारच म्हणजे? तू पाहिलीस?”



तिने बैठकीतल्या लोकांना विचारलं, तर त्यांनी ‘इथलं बाहेर सांगत नाही’ म्हणून हात वर केले. मग तिने नियमाच्या मुळालाच हात घातला. ज्यांनी हा नियम आधी केला, त्यांनी यादीत बायकोला कुठे बसवलं होतं? दोन वर्षं त्यात गेली. जुनी प्रार्थनामंडळं घरोघरी जमत, शांत बसत, एकमेकांना आपले अपराध सांगत, झालेलं नुकसान भरून देत. तिने सगळं टिपून घेतलं. बायकोचा कुठेच पत्ता नव्हता.

परवा तिचा फोन आला, “ये.” ग्रंथालयात तिच्या टेबलावर कुठल्याशा मंडळाची पातळ पुस्तिका उघडी होती. तिने एका ओळीवर बोट ठेवलं. ‘घरच्या माणसाची माफी शब्दांनी नव्हे, रोजच्या वागण्याने मागावी.’

हातांची थरथर थांबल्यापासून काका रोज सकाळी ब्लेडने तिच्या लाल पेन्सिलींना टोक काढून ठेवायचे. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत.

“मावशी, पेन्सिली!”

“कळलं मला. मी काय ठोंबी आहे? मला वाटायचं, ह्यांना हाताला चाळा हवा.”

“मग झालं तर. होतीस तू यादीत.”

“होते गं. पण एकदा तोंडाने म्हटलं असतं, तर ह्यांचं काय बिघडलं असतं?”

तिचे डोळे भरून आले. तिला असं मी काका गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

तिने चष्म्याच्या डबीतून एक लाल पेन्सिल काढली. काकांनी टोक काढलेली शेवटची, तीन वर्षं न वापरता जपलेली. तिने ‘नव्हे’ खोडलं आणि दोन ठिकाणी ‘ही’ जोडला. शब्दांनीही, रोजच्या वागण्यानेही.

“अहो, ग्रंथालयाचं पुस्तक आहे ते!” ग्रंथपाल धावत आला.

“चूक होती,” मावशी म्हणाली.

पेन्सिलीचं टोक मोडलं होतं. ती ते बघत राहिली.

“मी काढून देऊ का?” मी विचारलं.

तिने नको म्हणून मान हलवली आणि पेन्सिल तशीच डबीत ठेवली.