इंदूचा देवमासा

गेल्या महिन्यात चोपड्याहून इंदूच्या भाच्याचा फोन आला. इंदूअक्का गेली, झोपेतच गेली, म्हणाला. फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला हसूच आलं... कारण डोळ्यांसमोर आली ती देवपुरातल्या वसतिगृहात पलंगावर मांडी घालून लिहीत बसलेली, कपाळाला शाई लागलेली इंदू.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या वर्गात मुली आम्ही दोघीच. कॉलेजच्या वार्षिकासाठी सरांनी प्रत्येकाला एकेका प्राण्यावर लेख लिहायला सांगितला. बाकीच्यांनी बेडूक, साप, वटवाघूळ वाटून घेतले; केळीच्या बागाईतदाराची ही मुलगी म्हणाली, मी देवमाशावर लिहिणार. समुद्र आम्ही दोघींनीही पाहिलेला नव्हता. ग्रंथालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकातून तिने आठ पानं मराठीत उतरवली. सरांनी ती वाचून परत केली. "हे त्या पुस्तकाचं झालं. तुझं काय आहे यात?"

तिने ती पानं पेटीच्या तळाशी टाकली. मग दिवाळीला घरी गेली, तर गोठ्यात म्हैस व्यायला झालेली. इंदू दिवसभर तिथून हलली नाही म्हणे. परत आली ती नवा लेख घेऊनच, आणि त्याची सुरुवात म्हशीपासून होती. रेडकाचे पुढचे पाय आणि तोंड आधी बाहेर येतं, देवमाशाचं पिल्लू बहुधा शेपटीकडून जन्मतं. दोघांच्याही आयांना पान्हा फुटतो, म्हणून नावात मासा असला तरी तो मासा नव्हे... मुलं तिला 'म्हैसमासा' म्हणू लागली. सरांनी मात्र लेख वर्गात वाचून दाखवला आणि वार्षिकात पहिला छापला.

तिसरं वर्ष सुरू होऊन आठवडा झाला नाही, तोच तिचे वडील, आबा, तिला न्यायला आले. चांगलं स्थळ आलं होतं, शिक्षण आता पुरे असं घरात ठरलं होतं. इंदूने पेटी भरली, वाद घातला नाही. फक्त वार्षिक त्यांच्या हातात दिलं. व्हरांड्यातल्या बाकावर बसून आबा ओळीखाली बोट फिरवत वाचत राहिले. मी दाराआडून पाहत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"हाई बठ्ठं तूच लिखं का?"

हो, सगळं मीच लिहिलं, ती म्हणाली. मग त्यांना शंका आली, पाण्यात पिल्लू दूध पितं कसं, वाहून नाही का जात? इंदूने सांगितलं, आईच पिल्लाच्या तोंडात धार सोडते आणि ते दूध फार दाट असतं. जन्मभर म्हशी पाळलेला तो माणूस एकेक विचारत गेला, ती सांगत गेली, आणि चोपड्याची गाडी निघून गेली. शेवटी आबा उठले, टोपी नीट केली.

"पेटी ऱ्हाऊ दे. पाव्हनास्ले मी सांगसू."

ते स्थळ परत गेलं, आणि बी.एस्सी. होऊन पुढे इंदू गावच्याच शाळेत विज्ञान शिकवू लागली. सस्तन प्राण्यांचा धडा आला की वर्गाला मैदानावर नेऊन चुन्याच्या फक्कीने शंभर फुटी देवमासा आखून घ्यायची. निवृत्त झाली तरी शाळा त्या दिवशी तिला बोलवायचीच. परवा मी चोपड्याला गेले, तेव्हा वाटेत शाळेपाशी थांबले. यंदा मुलांनीच तो आखला होता. डोळा जरा मोठाच झाला होता... मी शेपटीकडून सरळ त्याच्या अंगावरून चालत निघाले, तेवढ्यात हातात फक्कीचा डबा घेतलेली एक मुलगी म्हणाली, "आजी, तठून नका जाऊ. पोटमा पिल्लू शे."

मी वळसा घालून गेले.