बाई संपावर होत्या तेव्हा

मंठा पंचायत समितीत मी शिक्षण विस्तार अधिकारी होतो आणि माझी बायको त्याच तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर. जुन्या पेन्शनसाठी संप झाला तेव्हा ती संपावर गेली, मी ऑफिसात राहिलो. माझी नोकरी २००५च्या आधीची, मला जुनी पेन्शन लागू. तिची नंतरची, तिला नाही.

दुसऱ्याच दिवशी वरून आदेश आला: एकही शाळा बंद राहता कामा नये. गावातला शिकलेला पोरगा, अंगणवाडी ताई, कुणालाही बसवा. खिचडी थांबू देऊ नका. दुपारी दोनपर्यंत माहिती भरा. आम्ही मोजकी माणसं आणि अख्खा तालुका. बायकोच्या शाळेवर जायला कुणी तयार होईना, म्हणून मीच निघालो.

ती जालन्याला धरणे आंदोलनाला चालली होती. चपला घालता घालता म्हणाली, "चौथीतली ती पोरगी तेवढी बघा. आईबाप घनसावंगीकडं ऊसतोडीला गेलेत. लई विनवण्या करून तिला चुलतीकडं ठेवून घेतलीय मी. आता मामा न्यायला येऊन राह्यला म्हणे."

"मंग तू एक दिवस जा ना शाळेवर."

"आणि बाकीच्या बायांना काय सांगू? नवऱ्यानं पाठवलं?"



हेडमास्तरांनी किल्ली सरपंचाकडं ठेवली होती. स्वयंपाकीण मावशींनी तांदूळ निवडायला घेतले आणि मी चारही वर्ग व्हरांड्यात बसवले. शिकवणं सुटून मला बारा वर्षं झाली होती. पाढे म्हणून घेतले, तर पहिलीची पोरं रडायला लागली. तेव्हा चौथीच्या रांगेतून एक पोरगी उठून म्हणाली, "सर, पहिलीला बाई आधी गाणं घेतात." मला एकही गाणं येईना. मंग तिनंच पुढं होऊन हातवारे करत गाणं घेतलं. पोरं शांत झाली. हीच ती, हे मला विचारावं लागलं नाही.

खिचडी शिजत असतानाच मोटारसायकल फाटकाशी थांबली. मामा साधा माणूस होता. आत येऊन त्यानं मला नमस्कार केला.

"साहेब, पोरीला घेऊन चाललो. तिकडं फडावर तिचा ल्हान भाऊ हाय, त्याला संभाळायला कोणी न्हाई."

"अहो, तिची शाळा आहे."

"शाळा बंद हाय की."

"बंद कुठंय? मी आहे ना."

त्यानं व्हरांड्यात दाटीनं बसलेल्या पोरांकडं पाहिलं, मंग माझ्याकडं. "उद्या हाय का तुम्ही?"

उद्या मला जालन्याला मीटिंग होती. परवा दुसऱ्या गावाला जायचं होतं. मी म्हणालो, "बाई येतीलच चार दिवसांत."

"बराबर हाय साहेब. पण ते लेकरू आज रडून राह्यलं ना."

मावशी मध्ये पडल्या. "जेवल्याबिगर न्यायची न्हाई," म्हणाल्या. तो फाटकाशी थांबला. पोरगी जेवली, तिनं ताट घासून ठेवलं, दप्तर घेतलं. माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाईंना सांगा." काय सांगायचं, ते बोलली नाही. आदेश माझ्या खिशात होता, पण त्यात मामाला अडवण्याजोगं काही नव्हतं.

दोन वाजता मी मोबाइलवर माहिती भरली: शाळा सुरू, होय, आहार शिजला, होय. हजेरीत ती धरली, कारण जेवून गेली होती.

संध्याकाळी ऑफिसातून संपकऱ्यांना द्यायच्या नोटिसा मिळाल्या. त्यात बायकोचीही होती. घरी आलो तेव्हा ती कणीक मळत होती. हात धुऊन आली, पोच म्हणून सही केली आणि विचारलं, "पोरगी?"

मी सगळं सांगितलं.

"तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"शाळा सुरू आहे म्हणून."

तिनं सही केलेली पोच माझ्याकडं सरकवली. मंग म्हणाली, "तुम्ही तरी काय करणार होता." भांडली असती तर बरं झालं असतं.

संप काही दिवसांत मिटला. शाळेवर रुजू झाल्या दिवशी तिनं पोरीच्या बापाला फोन लावला. मी शेजारीच होतो. "बाई, आता पोरगं तिच्याबिगर राहत न्हाई," तो म्हणाला. "पुढच्या साली बघू."

पुढच्या साली ते कुटुंब ऊसतोडीवरून परस्पर दुसरीकडंच कामाला गेलं. फोन लागेनासा झाला. पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला मागायलासुद्धा कुणी आलं नाही.