हळदीत भिजलेलं पत्रक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा वास आला की मला साताऱ्यातली आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवते. लिटमस कागद संपले होते, कॉलेज नवे आणत नव्हतं आणि त्या दिवशीचं प्रॅक्टिकल रद्द होणार होतं. मी तावातावाने निषेधाचं पत्रक छापून आणलं आणि पहिली प्रत रसायनशास्त्राच्या बाईंनाच दिली. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, कागद बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, “छान लिहिलंयस. कागदही स्वस्तातला, चटकन भिजेल. काप आता पट्ट्या!” घरून आणलेली हळद त्यांनी स्पिरिटमध्ये कालवूनच ठेवली होती. मागून मित्र ओरडला, “गड्या, तुझी क्रांती गेली की रं हळदीत!” सगळे हसले, मीसुद्धा. पिवळी पट्टी अल्कलीत बुडवली की तांबडी व्हायची, आम्लात पुन्हा पिवळी. प्रॅक्टिकल झक्कास पार पडलं. एक पत्रक मात्र बाईंनी कोरडं ठेवलं होतं. त्यावर माझ्या नावाखाली स्वतःची सही ठोकून त्या म्हणाल्या, “चल, आता प्राचार्यांशी भांडू. काम झालं म्हणून मागणी सोडायची नाही.” मी अजूनही पत्रकं त्याच स्वस्त कागदावर छापतो.