आमचा सावकाश कंडक्टर

चार माणसं दर रविवारी एका खोलीत बसून सिंफनी ऐकायला लागली, की सिंफनी थोडी आणि किस्से जास्त जमतात. आमचं मंडळ मंगरूळपीरचं. निवृत्त गणित शिक्षक वानखडे सर, डॉक्टर राठोड, सोयाबीनचे अडते बाबाराव आणि मी. तबकडी सरांचीच, आणि तीही एकच: एका संगीतकाराच्या शेवटच्या सिंफनी, एका म्हाताऱ्या जर्मन कंडक्टरनं वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेल्या. चहा काकूंचा, म्हणजे सरांच्या मिसेसचा.

*

बाबाराव पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, शेवटच्याच कायले? पयलीपासून लावा ना, म्हणजे लिंक लागन."

"कलावंत शेवटी शेवटीच शहाणा होते, बाबाराव."

आतून काकूंचा आवाज आला, "सगळेच नाई होत."

*

टाळीचा नियम कडक. डॉक्टरांनी एकदा मध्येच टाळी वाजवली, तर सरांनी त्यांचा चहा बंद केला. सर ऐकताना कंडक्टरसारखा एक हात हवेत हलवत असतात; तेव्हापासून तो हात खाली आल्याशिवाय कुणी हलत नाही.

एका रविवारी सिंफनी संपली, सुई खरखरायला लागली, तरी हात वरच. आम्ही भारावून बसलो. बाबारावांनी तर डोळे पुसले.

शेवटी काकू म्हणाल्या, "डॉक्टर, खांदा धरला त्यायचा. उतरवा तो हात."

*

सरांचा लाडका सिद्धांत सावकाशपणाचा. "दुसरे कंडक्टर पयतात. हा नाई पयत. म्हाताऱ्या माणसाले घाई कायची? अन् आवाज पाहा, कसा धीरगंभीर!"

रब्बीत शेतातले पंप सुरू झाले, व्होल्टेज पडलं, की आमच्या डोक्यावरच्या पंख्याची पाती मोजता येतात. त्या दिवसांत कंडक्टर आणखी धीरगंभीर व्हायचा. सर म्हणायचे, "हिवाळ्यात हा खोल जाते." एकदाच रेकॉर्ड झालेला माणूस हिवाळ्यात कसा बदलतो, हे आम्ही कुणीच विचारलं नाही.

*

हा सिद्धांत घरातही लागू होता. काकूंची थोरली बहीण धनजला. सकाळच्या एसटीनं निघालं तर जेवायला पोचावं. पण काकूंनी तिच्याकडे जायचा विषय काढला, की सर म्हणायचे, "जाऊ ना सावकाश. पयून चालली का ते?" बहीण आजारी पडली तेव्हाही हेच. मला तेव्हा सरांचा फार राग आला होता.

*

मग वाशीमच्या एका कॉलेजनं सरांना बोलावलं. विषय, सावकाशपणाचं सौंदर्य. जन्मभर गणित शिकवलं, पण हार घालून कुणी बोलावलं नव्हतं. सरांनी नवा शर्ट शिवला, प्लेअर घरचाच नेला, काकूंना पहिल्या रांगेत बसवलं.

"ऐका आता, म्हातारपणी माणूस किती निवांत होतो ते," असं म्हणून सरांनी सुई ठेवली आणि हात वर केला.

सिंफनी सुसाट सुटली. हॉलला मोठा जनरेटर होता. इतकी वर्षं आमचा कंडक्टर सावकाश नव्हता, आमची लाईट सावकाश होती. सरांचा हात मागेच राहिला. पोरं हसायला लागली. बाबाराव माझ्या कानात म्हणाले, "गेली इज्जत."

सरांनी हात खाली घेतला, पण तबकडी थांबवली नाही. शेवटपर्यंत उभ्यानं ऐकली. मग भाषणाचा कागद खिशात घातला आणि माईकजवळ आले.

"मी चुकलो. हा बुवा घाईतच आहे."

एवढंच बोलून ते खाली उतरले आणि काकूंसमोर येऊन उभे राहिले.

"चाल, ऊठ," सर म्हणाले. "धनजची एसटी भेटते अजून."