समोरासमोरच्या ओळी

कोपरा फाडलेले पोस्टकार्ड आले तेव्हा मी दाढी करीत होतो. अकोल्याहून शांताने, तुळशीराम इंगळे यांच्या मुलीने, तीन ओळींत कळविले होते की बाबा मंगळवारी सकाळी गेले. अर्धी दाढी तशीच ठेवून मी अंगणात फिरत राहिलो. बसवेना. दुपारच्या एस.टी.ने अकोल्याला निघालो. वाटेत मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा खाली उतरलो, पुन्हा चढलो, पुन्हा उतरलो. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, एका जागी बसा ना. गाडी तुमच्याशिवाय जाऊन नाही राहिली."

अमरावतीला जुन्या कॉटन मार्केटजवळच्या एका छापखान्यात तुळशीराम खिळे जुळविणारा, म्हणजे जुळारी, होता आणि मी मुद्रिते तपाशीत असे. तो मूळचा बाळापूरकडचा. शिशाचे खिळे तो उलटे वाचीत असे, तेही माझ्या सुलट वाचण्याहून जलद. मी त्याला अरेतुरे करी, तो मला मास्तर म्हणे. वयात अंतर फारसे नव्हते. ही रीत त्या काळी कोणाला खटकत नसे. मलाही खटकली नाही.

धर्मांतरानंतरच्या वर्षी अकोल्याच्या मंडळींनी वंदनेची एक लहान पुस्तिका छापावयास दिली. डावीकडे पाली, उजवीकडे मराठी अर्थ. मजकूर तुळशीरामनेच आणला, कारण अकोल्यात भरणाऱ्या मेळाव्यात तो मजकूर वाचून दाखविण्याचे काम त्याच्याकडे होते. लोकांना पाली नवीन होती. एक ओळ म्हणायची, लगेच तिचा अर्थ सांगायचा, असे ठरले होते. असे काम आले की जुळारी आधी एक स्तंभ सबंध जुळवून घेतात, मग दुसरा, आणि शेवटी दोन्ही शेजारी बसवितात. तुळशीरामने तसे केले नाही. पालीची एक ओळ, तिच्या शेजारी तिचा अर्थ. अर्थ दोन ओळींचा झाला तर पालीखाली शिशाची कोरी पट्टी. मग पुढची जोडी. कामाला तिप्पट वेळ लागला. मालक बापूसाहेब रोज येऊन विचारीत, "काय तुळशीराम, यंदाच व्हायचं आहे ना?" तो मान वर न करता म्हणे, "होते ना, बापूसाहेब. नवरा-नवरीले बोहल्यावर बरोबर उभं करा लागते. मागंपुढं झालं तं लग्न दुसऱ्याशीच लागन."

मेळाव्याच्या तयारीसाठी तो दोन दिवस आधी अकोल्याला गेला. पाने माझ्या हाती आली. पंचशीलाच्या पानावर, उजव्या बाजूला, वरच एक रिकामी जागा दिसली. समोर पालीत शील मागण्याची विनंती होती. तिचा अर्थ मंडळींनी दिलेलाच नव्हता. मी तो विचार केला नाही. मला ते भोक दिसले, आणि नीटनेटकेपणाचा मला अभिमान होता. छपाईला उशीर झालेला. चिमटा घेऊन त्या कोऱ्या पट्ट्या मी स्वतः उपसल्या, खालचा सारा अर्थ वर सरकविला आणि पट्ट्या तळाशी घातल्या. पान देखणे झाले. मग तपासले. मुद्रित आम्ही वरून खाली वाचतो: आधी डावा स्तंभ सबंध, मग उजवा सबंध. एकही अक्षर चुकलेले नव्हते. मी सही केली.

मेळाव्यात जे झाले ते मी पाहिलेले नाही... तुळशीरामनेच सांगितले. प्राणिहत्या न करण्याच्या ओळीशेजारी चोरी न करण्याचा अर्थ आला. पुढचे प्रत्येक शील असेच एकेक पायरी घसरत गेले, आणि मद्य वर्ज्य करण्याच्या ओळीसमोर कोरा कागद. तो थांबला. हातातल्या पुस्तिकेत 'सुरा' शब्दासमोरची कोरी जागा पाहून मागून एका म्हाताऱ्याने ओरडून विचारले, "काहून रे तुळशीराम, दारूले काहीच नाही लिवलं? मंग चालते का?" लोक हसले. ज्या दिवसाची त्याने आयुष्यभर वाट पाहिली, त्या दिवशी लोक हसले.

मंडळी छापखान्यात जाब विचारायला आली. बापूसाहेबांनी सर्वांसमोर विचारले, "हे कोणी केलं?" मी चष्मा पुसत होतो. तुळशीराम म्हणाला, "जुळणी माही आहे." तेवढेच. त्याला कामावरून काढले. मी चष्मा पुसतच राहिलो.

संध्याकाळी मी त्याला एस.टी. स्टँडवर गाठले. विचारले, "माझं नाव का घेतलं नाहीस?"

"घेतलं असतं तं काय झालं असतं, मास्तर? लोकाईनं म्हटलं असतं, बामनानं जानून केलं. तुमी जानून नाही केलं, हे मले ठाऊक. पण त्याईले मी कसं पटवू? आमचं आताच कुठं सुरू झालं. पयल्याच पानावर भांडण नको."

"मग मीच जाऊन सांगतो."

"सांगान?" त्याने माझ्याकडे पाहिले. मी गेलो नाही. त्याने पुन्हा विचारले नाही. पुढे अकोल्याच्या एका छापखान्यात त्याने अखेरपर्यंत खिळे जुळविले. आम्ही भेटत असू, चहा घेत असू. तो विषय निघत नसे. दर वेळी परतताना मला गाडीत बसवत नसे.

त्याच्या घरी पोचलो तेव्हा ओट्यावर चारपाच माणसे होती. एकाने प्रेमानेच ओळख करून दिली, "हे तुळशीरामजीचे अमरावतीचे दोस्त. तुळशीरामजी म्हंजे आमचे दारूले सूट देनारे!" सारे ओल्या डोळ्यांनी हसले. शांता हसली नाही.

आत गेल्यावर मी तिला सर्व सांगितले. उभ्यानेच. तिने ऐकून घेतले. ती शाळेत शिकविते. शांतपणे ऐकण्याची तिला सवय असावी.

"घरात सांगून काय फायदा?" ती म्हणाली. "हसनारे बाहेर बसले आहेत. आनि सारेच इथं नाहीत. छापून सांगा."

म्हणून छापून सांगतो. तुळशीराम इंगळे यांची जुळणी निर्दोष होती. बदल मी केला, सही मी केली, आणि गप्पही मीच राहिलो.

निघताना तिने फळीवरून ती पुस्तिका काढून दाखविली. मेळाव्यानंतर तुळशीरामांनी उरलेल्या साऱ्या प्रती घरी आणल्या होत्या. प्रत्येकीतले अर्थ कात्रीने कापून, खळीने ज्याच्या त्याच्या ओळीशेजारी चिकटविले होते, आणि विनंतीसमोरची जागा पुन्हा कोरी सोडली होती. पान खळीने फुगून पुठ्ठ्यासारखे झाले होते. पट्ट्या दोऱ्याने आखल्यासारख्या सरळ. प्रती वस्तीत घरोघर गेल्या, ही घरची.

मी ती मागितली.

"नाही देत," शांता म्हणाली. "रोज लागते."