मामाजीची कासवं

साऱ्या वऱ्हाडात लग्नं जुळवनारे पैशाले पासरी भेटतीन, पन कासवायची लग्नं जुळवनारा मानूस देवानं एकच धाडला, अन् तो नेमका माया सासरा केला. गाव त्यायले पाटील मने, मी जवाई, मनून मामाजी मनो. कापसाले सोन्याचा भाव आल्ता, त्या सालायची गोष्ट. वलगावात लोकायनं बैलायच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या लावल्या, कोनी तं तुळशीच्या ओट्याभोवती बी सरकी पेरली. मामाजीनं मातर चांगल्या काळ्या मातीचा एक पट्टा रिकामा ठेवला. कावून? तं कासविनीले अंडे घालाले भुसभुशीत जागा पायजे! गाव हासे. मी जवाई, मनून तोंडाले उपरनं लावून हासो.

आखाड लागला का मामाजीचा जीव थाऱ्यावर नसे. नर एकमेकाले टकरा मारत, मामाजी मधात बसून पंचाईत करत. जिंकला त्याले तरोट्याचा कोवळा पाला, हारला त्याले बी तरोटा, "त्याचं मन दुखते" मनून. जोडी लागली का घरात उखळात मुसळ घालाचं नाई. एकदा मी बायकोसंग उमरावतीहून गेलो, तं आंगनात ताटाएवढी मादी, अन् तिच्या पाठीवर वाटीएवढा नर घुरघुर करून राह्यला. मले वाटलं मारामारी हाय. धर्म केला, त्याले उचलून दूर ठेवला.

"जवाईबुवा!" मामाजी धावत आले. "तुमच्या लग्नात असं कोनी तुमाले उचलून नेलं अस्तं तं?"

"बरं झालं अस्तं, बाबा!" माई बायको चुलीपासून बोलली.

त्या साली म्हाताऱ्या मादीनं कार्तिकात पट्ट्यात चार अंडे घातले, अन् मांगच्या पायानं माती अशी थापली का सारवल्यावानी. "हे तिचं शेवटचं बाळंतपन," मामाजी मने. जागा कोनती, हे त्यायनं कोनाले सांगतलं नाई. "निशानी ठेवली तं मुंगसाले बी वाचता येते. एक तुमालेच तेवढं येत नाई."

फागुनात मामाजी कौंडण्यपूरले देवाले गेले. अंड्यातून पिल्लं निंगाले असतीन, असा मीच मनाशी हिशेब केला. मनलं, पट्टा पुढच्या कापसासाठी तयार करून ठेवतो, सासरा खूश होईन. बैल जुतले अन् सारा पट्टा वखरून काढला. मामाजी आले तवा मी छाती काढून उभा! ते मटकन खाली बसले अन् बोटानं माती चाचपत गेले. तीन फुटले होते, एक साबूत होतं.

शिव्यायले मी तयारच होतो. शिव्या मले पचतात. मामाजी एवढंच बोलले, "बैल तिकडं घ्या, जवाईबुवा." हे काई पचलं नाई.

मंग मी घरी गेलोच नाई. डोक्यावर ओला फडका टाकून महिनाभर त्या अंड्यापाशी बसलो. येनारे-जानारे मनत, "पाटलाचा जवाई अंडं उबवून राह्यला!" बायकोनं भाकर धाडली, ते बी हासतच.

चैत्रात एक दिस माती हालली. लिंबाएवढं पिल्लू भाईर आलं. मामाजीनं ते माया हातावर ठेवलं.

"नर का मादी?" म्या इचारलं.

"घाई काय हाय? सात-आठ वर्सानं समजते. समजलं का मले सांगजा."

पिल्लू घरी नेऊन तितके वर्सं पोसलं. परवा समजलं. मादी हाय. तसाच वलगावच्या रस्त्यानं पळत सुटलो. अर्ध्यात दम लागून एका बाभळीखाली बसलो, तवा ध्यानात आलं का मामाजीले जाऊन दोन वर्सं झाली. तितं दुसरं कोनी नव्हतं. मंग बाभळीलेच सांगतलं, मादी हाय मनून, अन् हळूहळू घरी आलो.