चर्चमध्ये तरी शुद्ध बोला

मागचं अख्खं वर्ष रविवारी सकाळी माझा जीव थाऱ्यावर नसायचा. उपासना नऊला, पण मी सहापासून घरभर नुसती येरझाऱ्या घालायची. दूध ठेवायचं, विसरायचं, उतू घालवायचं. नवरा म्हणायचा, "अगं, बस ना जरा." बसवत असतं तर बसले नसते का मी? डोक्यात एकच भुंगा: आज तरी सासूबाई चर्चमध्ये तोंड उघडतील का?

आमचं चर्च नंदुरबार स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पेटी आहे, तबला आहे आणि हल्ली कीबोर्ड आलाय, त्याचं नि पेटीचं कधी जमत नाही. मंडळीत नवापूरकडची माणसं, धडगावकडची माणसं. घरी कुणी मावची बोलतं, कुणी भिली, आमच्या घरात अहिराणी. पण एकदा घंटा झाली की सगळ्यांची मराठी पुस्तकातली. मी नगरकडची, त्यातून शाळेत मराठीच शिकवते, त्यामुळे इथे मला भलताच भाव. शास्त्रपाठ वाचायला उठले की मान आपोआप ताठ व्हायची, खोटं कशाला बोलू?

उपासनेत मोकळ्या प्रार्थनेची वेळ असते. ज्याला वाटेल त्याने जागेवर उभं राहून मोठ्याने बोलायचं. बाकीचे "हे कृपाळू पित्या" म्हणून सुरू करतात आणि ठरलेल्या वाटेने आमेनला पोचतात. सासूबाई मात्र देवाशी चक्क भांडायच्या. "देवबाप, तू दखी ऱ्हायना ना? मग गप काब्रं बसना शे?" बघतोयस ना, मग गप्प का बसलायस, असं थेट तोंडावर. शेजारणीच्या नवऱ्याची दारू, स्वतःचा गुडघा, माझं तापट डोकं, सगळं त्याच्यापुढे ओतायच्या. बायका आधी हसायच्या, मग पदराने डोळे पुसायच्या.

मग बिशपसाहेब आले तो रविवार. मी तीन दिवस तयारी करून शास्त्रपाठ वाचला, एक अक्षर चुकलं नाही. नंतर ह्या उठल्या. "देवबाप, झोपना का रे तू?" मागच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरी फिस्सकन हसल्या. माझे कान तापले. बिशपसाहेबही हसले होते, अगदी मायेने, असं नवरा नंतर सांगत होता. पण मला तेव्हा काही दिसत होतं का? घरी आल्यावर चपला काढायच्या आत मी म्हटलं, "आई, चर्चमध्ये तरी शुद्ध बोलत जा हो. काय म्हणतील लोक?"

"बरं वं बाई," एवढंच म्हणाल्या. पुढच्या रविवारपासून त्या बंद.

गाणी म्हणायच्या, प्रभूभोजन घ्यायच्या, पण मोकळ्या प्रार्थनेत मान खाली. मी माफी मागितली, एकदा नाही, चारदा. "तसं काही नही," म्हणायच्या. पाळकसाहेबांनी विनवून पाहिलं. उपासनेनंतरच्या चहाला बायका मला टोचायच्या, "काय मॅडम, आमना रेडिओ काब्रं बंद पडना?" मी हसल्यासारखं करायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

त्यातच त्यांच्या पोटात गाठ निघाली. सुरतला ऑपरेशन ठरलं, मंगळवारी.

आदल्या रविवारी मोकळ्या प्रार्थनेच्या वेळी पेटीवर हळू सूर चालू होते. मी डोळे मिटलेच नाहीत. सासूबाई पुढचं बाक धरून उठल्या. त्यांनी घसा साफ केला.

"माननीय परमेश्वर साहेब, आपणास सविनय विनंती करण्यात येते की, अर्जदाराचे पोटाचे ऑपरेशन मंगळवार रोजी आहे. तरी कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी. आपली विश्वासू."

आणि खाली बसल्या.

सासूबाईंनी सगळी नोकरी एका सरकारी कचेरीत शिपाई म्हणून काढली. साहेबांसमोर लोक अर्ज वाचून दाखवायचे, ते त्यांच्या कानावर पडायचं. पुस्तकातली मराठी त्यांच्या लेखी पाळकसाहेबांची. काही मागायची शुद्ध मराठी त्यांना एवढीच ठाऊक. देवासाठी ती त्यांनी आठवून आठवून पाठ केली असणार. कुणीही हसलं नाही. कॉलेजच्या पोरीसुद्धा नाहीत. आमेन म्हणायचंही कुणाला सुचेना, आणि मी तोंडात पदर कोंबून बसले.

बाहेर चहाचा कप घेऊन त्या माझ्याकडे आल्या. "बरोबर व्हयनं ना? काही चुकनं का?"

मी त्यांचा हात धरला. "आई, चुकलं ते माझं. तुम्ही परत सांगा त्याला. तुमच्या बोलीत सांगा, भांडा हवं तर. पाया पडते तुमच्या."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "आते नही, वं बाई. एक अर्ज दिधा ना? दुसरा दिधा का फाइल मांगे पडस."

मंगळवारी त्यांना स्ट्रेचरवरून आत नेईपर्यंत मी त्यांच्या ओठांकडे बघत चालत होते. दार बंद झालं तरी ते हलले नव्हते.